स्कलकॅप : घरच्या बागेतील लागवड

स्कलकॅप : तुळस व पुदिना यांच्या लॅमिएसी कुलातील स्कुटेलॅरिया प्रजातीची रानफुले. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि दोन ओठांची, बहुधा निळी-जांभळी फुले ही त्यांची खूण. कुलातला उग्र वास मात्र बहुतेक जातींना नाही. जगभरात साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि बागकामाची खरी गोम इथेच आहे : नुसते ‘देशी स्कलकॅप’ म्हणून भागत नाही, कुठल्या जमिनीची देशी हे पाहावे लागते. अमेरिकेतलेच पाहा. स्कु. लॅटरिफ्लोरा ओढ्याकाठच्या दलदलीत वाढते, तर स्कु. रेझिनोसा कॅन्सस-टेक्सासकडच्या कोरड्या माळावर. पूर्वेकडच्या विरळ रानातली स्कु. इन्काना निचऱ्याच्या जमिनीत दोन-तीन फूट उंच होते व ऐन उन्हाळ्यात फुलते. लॅटरिफ्लोरा कोरड्या वाफ्यात लावली आणि ती जुलैत करपली, तर चूक निवडीची.

पुदिन्याचे कूळ म्हटले की सगळा वाफा व्यापला जाईल, ही शंका हटकून येते. स्कु. ओव्हाटापुरती ती रास्त आहे, कारण तिची जमिनीखालची खोडे पसरतात. इन्काना मात्र ठोंब धरून राहते. दुसरी तक्रार, बी रुजत नाही. या जातींच्या बियांना थंडी व ओल एकत्र लागते. शरदात उघड्यावर पेरावे, किंवा ओल्या वाळूत मिसळून दोनेक महिने फ्रिजमध्ये ठेवावे. बी धरतानाही चपळाई हवी : फूल गळल्यावर निदलपुंजाचे दोन ओठ मिटतात, पाठीवर बशीसारखा उंचवटा दिसतो, वाळल्यावर वरचा ओठ गळतो आणि खालच्या पळीत उरलेल्या, फार तर चार, बारीक बिया वाऱ्याने सांडून जातात. तपकिरी रंग चढताच तुरे कापावेत.

औषधासाठी लावावी काय? लॅटरिफ्लोराने पिसाळलेल्या कुत्र्याचे विष उतरते, हा अठराव्या शतकातला दावा खोटा ठरला. शिवाय स्कलकॅप म्हणून विकलेल्या मालात यकृताला घातक अशा ट्यूक्रियमची भेसळ आढळली आहे. तेव्हा ती फुलांसाठी आणि त्यांवर येणाऱ्या बंबलबी माश्यांसाठीच लावावी. रोपे रानातून उपटून आणू नयेत. जॉर्जिया-टेनेसीतली स्कु. माँटाना १९८६ मध्ये संकटग्रस्त ठरली होती. २००२ मध्ये तिचा दर्जा सौम्य झाला. रोप घ्यायचेच तर बियांपासून वाढवणाऱ्या रोपवाटिकेतून, जातीचे पूर्ण शास्त्रीय नाव विचारून घ्यावे.