स्कूटरची सनद

गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, चेतक मिळतेय, पहिल्या काही वर्षांतली. रंग एकदम नवा. घेऊ का?" मी म्हटले, रंग नवा आहे म्हणूनच जरा थांब. हा लेख म्हणजे त्या फोनचेच लांबलेले उत्तर. मी मेकॅनिक नाही, उर्दू-मराठी शिकवणारा माणूस आहे. पण जुन्या स्कूटरचा नाद आहे, आणि त्या नादापायी एकदा चांगला फसलोही आहे.

आधी थोडा इतिहास. आपल्या भिवंडीपासून फार लांब नसलेल्या भांडुपमध्ये ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी इटलीच्या इनोसेंटीची लॅम्ब्रेटा बनवत असे. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने पियाज्योच्या परवान्यावर 1960च्या दशकात व्हेस्पा 150 काढली. 1971 मध्ये तो करार संपला आणि 1972 मध्ये चेतक आली, महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची. 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सने साताऱ्यात प्रिया बनवली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत. म्हणून स्कूटर घरात आली की ती वाहन राहत नसे, घरातले माणूस होई.

या सगळ्यांचे इंजिन हवेवर थंड होते. पाणी नाही, रेडिएटर नाही. फिरत्या चाकावरचा पंखा हवा ओढतो, पत्र्याचे आवरण ती हवा सिलिंडरच्या पात्यांवरून नेते. 1963 ते 1998 पर्यंतच्या पोर्शे 911 मध्येही पंखाच इंजिन थंड करी. आज श्रीमंत लोक त्या गाड्या घेताना जे बघतात, तेच आपण चेतक घेताना बघायचे: इंजिन मूळचे आहे का, पत्रा सडला आहे का, कागद खरे आहेत का.

हदीसचे अभ्यासक दोन गोष्टी तपासत: सनद आणि मत्न. सनद म्हणजे कुणी कुणाकडून ऐकले ती साखळी, मत्न म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. साखळीतला एक दुवा कच्चा निघाला तरी ते सावध होत. जुनी स्कूटर अशीच तपासावी.

आधी मत्न, म्हणजे लोखंड. विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गरम इंजिन दोष झाकते. गेल्यावर इंजिनला हात लावून बघा, थंडच हवे. मग आवरण काढायला लावा. आपल्या गावात हे फार महत्त्वाचे, कारण लूमच्या गल्लीत हवेत कापसाचे तंतू असतात. पंखा ते आत ओढतो, तेल-धुळीत मिसळून पात्यांमध्ये थर बसतो आणि इंजिन आतल्या आत तापते. आवरणच नसेल तर विचारा, किती दिवस अशी चालवली?

चक्कर मारून आल्यावर ॲक्सिलरेटर सोडा. आवाज लगेच खाली यायला हवा. इंजिन गुणगुणत वरच राहिले तर बहुधा ऑइल सील गळते आहे, बाहेरची हवा आत शिरते आहे. अशा इंजिनाला पेट्रोलबरोबर जाणारे तेलही कमी पडते आणि एक दिवस पिस्टन जाम होतो. धूर दाट पांढरा आणि थांबतच नसेल, तर गिअरचे तेल जळत असण्याची शक्यता.

पत्र्यासाठी कापडात गुंडाळलेले चुंबक न्या. पाय ठेवायची जागा, ब्रेकच्या पेडलखाली, स्टँडच्या बिजागरीपाशी फिरवा. चिकटले नाही तिथे पुट्टी आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा शोधणाऱ्या पैगंबरांची (स.) गोष्ट आपण मुलांना सांगतो, चुंबक हा तोच हात. 26 जुलै 2005 च्या पुरात ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. हेडलाइटच्या आत गाळाची रेघ दिसते का, तेही पाहा.

आता सनद. चौकटीवर ठोकलेला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी अंक-अंक जुळवा. कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घ्या. मी फसलो तो इथेच. आकड्यांभोवतीचा पत्रा घासलेला होता, मी रंगाकडे बघत बसलो. त्या गाडीचे नाव माझ्यावर कधीच चढले नाही.

मालक हयात असेल तर फॉर्म 29 आणि 30. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी असेल तर 2021 च्या केंद्रीय नियमानुसार व्हिंटेज म्हणून नोंदता येते. पुनर्नोंदणीचे शुल्क 5,000 रुपये, पण मग ती रोज वापरता येत नाही.

मालक मरहूम असेल तर आधी फॉर्म 31 ने वारसाच्या नावावर. आणि इथे कागदापलीकडचा प्रश्न येतो. विद्यार्थ्याला मी विचारले, विकतो कोण? म्हणाला, दोन भाऊ, अब्बांची गाडी. मी विचारले, बहिणी? तो गप्प झाला. आपल्या शरियतमध्ये मुलीचा हिस्सा ठरलेला आहे, घरात आहे तसा स्कूटरमध्येही. वाटणी होईपर्यंत ती गाडी भावांची नाही, सगळ्या वारसांची. आरटीओला ना-हरकत पत्रांवर सह्या लागतात, त्या "घेऊन टाकल्या" जातात. सही घेणे आणि विचारणे यात फरक आहे.

तो जाऊन बहिणीला भेटला. तिने सांगितले, गाडी विकायची नाही, आणि आजवर मला कुणी विचारलेही नव्हते. सौदा मोडला. विद्यार्थी माझ्यावर आठवडाभर नाराज होता. नंतर कळले, तिने गाडी स्वतःच्या दारात आणून उभी केली आहे आणि भावांचे पैसे हप्त्याने देते आहे.

आता तो प्रिया शोधतो आहे. परवा फोनवर त्याने आधी वारस किती ते सांगितले, रंग मागून.