लष्कराची भाकर आणि रयतेची कणगी

युद्धाचा इतिहास म्हटला की आपल्याला तलवारी, तोफा आणि सेनापती आठवतात. त्या सेनापतीचे शिपाई, घोडे आणि बैल रोज खात काय होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वास्तविक लढाई एका दिवसाची असते. पोट रोजचे असते.

हे मर्म शिवाजी महाराजांनी पुरते ओळखले होते. 1673-74 च्या सुमारास चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस त्यांनी बजावले, की साठविलेला दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा. तो आधीच उधळलात, तर शिपाई कुणब्यांचे दाणे ओरबाडू लागतील आणि रयतेस मोगलांहून तुम्हीच वाईट वाटाल.

आता आपल्या गोदाकाठाकडे वळू. 1803 साली शिंदे-भोसल्यांशी लढण्यास आलेला आर्थर वेलस्ली ऑगस्टअखेर औरंगाबादेस पोहोचला. तेथून तो गोदावरीच्या काठाने खाली राक्षसभुवनाकडे सरकला. शत्रूस हैदराबादेच्या वाटेने जाऊ द्यावयाचे नव्हते, आणि दक्षिणेकडून येणारे धान्य व खजिना सुखरूप आणावयाचा होता. 23 सप्टेंबरची असईची लढाई त्यानंतरची.

त्याच्या छावणीस धान्य पुरविणाऱ्यांत बंजाऱ्यांचे तांडे प्रमुख होते. तांडा मुलखातून धान्य खरेदी करी, बैलांच्या पाठीवर गोण्या लादी आणि छावणीच्या बाजारात विकी. बैल वाटेवरच चरत, त्यामुळे वाहतूक स्वस्त पडे. बंजाऱ्यांची गरज सर्वच सैन्यांस असल्याने त्यांस सहसा कोणी लुटीत नसे.

पण रयतेचे काय? होळकर-शिंद्यांच्या फौजांनी आधीच मुलूख उद्ध्वस्त केला होता. त्यात 1803 चा उत्तरेचा पाऊस दगा देऊन गेला आणि दख्खनेत दारुण दुष्काळ पडला. 1804 साली त्याच वेलस्लीस अहमदनगरला उपाशी माणसांसाठी कामे काढावी लागली, अन्न वाटावे लागले.

लुटीने नेलेला दाणा आणि रोख मोजून नेलेला दाणा यांत न्यायाचा फरक मोठा आहे. परंतु पैसा मोजल्याने नवा दाणा पिकत नाही. तुटीच्या साली छावणीकडे गेलेली प्रत्येक गोणी कोणाच्या तरी कणगीतून कमी होते. म्हणून विजयाची गणती करताना रणांगणाबरोबर ती कणगीही पाहावी. महाराजांच्या पत्राचा अर्थ याहून निराळा नाही.