सभागृहाकडून संपादकाच्या मेजाकडे

अमेरिकेत दरवर्षी दिल्या जाणाऱ्या पुलित्झर पारितोषिकांमुळे जोसेफ पुलित्झर हे नाव सर्वतोमुखी झाले आहे. परंतु हा गृहस्थ संपादक होण्यापूर्वी मिसुरी राज्याच्या कायदेमंडळाचा सभासद होता, हे फारसे कुणाच्या ध्यानी नसते.

1847 साली हंगेरीतील माको गावी एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. 1864 साली यादवी युद्धात सैनिक म्हणून भरती होण्यासाठी तो अमेरिकेत आला. युद्ध संपल्यावर सेंट लुई शहरात पडेल ते काम करीत 1868 साली तो ‘वेस्टलिशे पोस्ट’ या जर्मन दैनिकाचा बातमीदार झाला, आणि पुढील वर्षी डिसेंबरात पोटनिवडणुकीत निवडूनही आला. सभासदाचे वय किमान चोवीस असावे असा दंडक होता, याचे बावीस!

सेंट लुई परगण्याचा कारभार तेव्हा ‘काउंटी कोर्ट’ नामक मंडळाकडे होता. नाव न्यायालयाचे, परंतु हाती कर आणि सरकारी ठेके. हे मंडळ मोडण्यासाठी पुलित्झरने विधेयक आणले, आणि वेड्यांच्या इस्पितळाचा ठेका मिळविणाऱ्या एडवर्ड ऑगस्टाइन याच्यावर लेखणीही चालविली. 27 जानेवारी 1870 रोजी राजधानीतील एका हॉटेलात ऑगस्टाइनने त्याला सर्वांदेखत खोटारडा म्हटले. पुलित्झर तडक बाहेर पडला, पिस्तूल घेऊन परतला, आणि गोळी ऑगस्टाइनच्या पायाला लागली. शिक्षा काय, तर शंभर डॉलर दंड! कायदे करणाऱ्यानेच कायदा हाती घ्यावा, याला तरुण रक्ताची सबब मला तरी पुरेशी वाटत नाही.

खरे हत्यार त्याला आठ वर्षांनी सापडले. डिसेंबर 1878 मध्ये डबघाईला आलेले ‘डिस्पॅच’ हे पत्र त्याने लिलावात अडीच हजार डॉलरना घेतले व लगेच ‘पोस्ट’शी जोडले. मग शहरातील धनिकांनी करासाठी कागदोपत्री दाखविलेली मालमत्ता तो नावानिशी छापू लागला. ज्यांची ऐट साऱ्या शहराला ठाऊक, त्यांचे कागदावरचे दारिद्र्य लोकांनी वाचले. विधेयक नको, पिस्तूल तर नकोच; नुसते आकडे पुरले.

1883 साली त्याने न्यूयॉर्कचे ‘वर्ल्ड’ विकत घेतले. दोन वर्षांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशांवाचून अडला, तेव्हा प्रत्येक वर्गणीदाराचे नाव छापण्याचे वचन देऊन त्याने पाच महिन्यांत लाखावर डॉलर जमविले. त्याच सुमारास तो अमेरिकेच्या काँग्रेसमध्येही निवडून गेला होता. पण एप्रिल 1886 मध्ये राजीनामा देऊन पत्राकडे परतला.

हर्स्टच्या ‘जर्नल’शी चढाओढ करताना, 1898 च्या स्पेनशी झालेल्या युद्धाआधी, ‘वर्ल्ड’ने भडक मजकुराला ताळतंत्र ठेवले नाही, हा डाग पुसता येणार नाही. पनामा कालव्याच्या व्यवहारावर याच पत्राने प्रश्न विचारले, तेव्हा 1909 साली सरकारने बदनामीचा खटला भरला. जानेवारी 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल ‘वर्ल्ड’च्या बाजूने दिला. पुलित्झर तोवर जवळजवळ आंधळा झाला होता. सचिव त्याला पत्रे वाचून दाखवीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात चार्ल्सटन बंदरात, आपल्या नौकेवर, त्याने देह ठेवला. त्याच्या देणगीतून 1912 साली कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचे विद्यालय उघडले.