हेमॅटाइट
हेमॅटाइट हे लोहाचे एक प्रमुख खनिज असून त्याच्या रासायनिक सूत्रात लोहाचे दोन व ऑक्सिजनाचे तीन अणू असतात. शुद्ध हेमॅटाइटात वजनाने सुमारे ७० टक्के लोह असते. ‘रक्त’ या अर्थाच्या ‘हायमा’ या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या मातकट प्रकारास मराठीत गेरू किंवा काव व संस्कृतात गैरिक म्हणतात.

गुणधर्म

हेमॅटाइटाचे स्फटिक पोलादी करडे ते काळे असून त्यांना धातूसारखी चमक असते, तर मातकट प्रकार तांबडा व निस्तेज असतो. बाह्य रूप कसेही असले, तरी त्याचा कस तांबडाच येतो. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर खनिज घासले असता पुडीची जी रेघ उमटते, तिला कस म्हणतात. सोनाराच्या कसोटीशी या परीक्षेचे नाते उघड आहे. काळाभोर दगड कापताना पाणी रक्तासारखे लाल होते, तेही याच कारणाने. कठिनता ५ ते ६ आणि विशिष्ट गुरुत्व ५.२६ असल्याने त्याचा लहानसा मणीही हाताला जड लागतो.

आढळ

भारतात ओडिशा, झारखंड, छत्तीसगड व कर्नाटक येथे हेमॅटाइटाचे मोठे साठे आहेत. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागड, चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी येथे ते सापडते. गोव्यातील खाणींचे लोहखनिजही मुख्यतः हेमॅटाइटच आहे. लोहाऱ्याच्या साठ्यांवरील १८८२ सालचा फॉन श्वार्ट्‌झ यांचा अहवाल वाचूनच जमशेटजी टाटा यांचे लक्ष पोलादनिर्मितीकडे वळले. मात्र जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामास योग्य ठरला नाही व कारखाना पुढे साकची, म्हणजे आजच्या जमशेदपूर, येथे उभा राहिला.

मराठवाड्याची स्थिती निराळी आहे. बीड जिल्ह्यातील सिरसाळा (ता. परळी) व आसपासचा प्रदेश सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. येथे लोहखनिजाच्या खाणी नाहीत. तथापि दख्खनच्या या पाषाणात लाव्हाच्या दोन थरांमध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. त्याचा रंग बारीक कणांच्या हेमॅटाइटामुळे येतो. मंगळ ग्रहाचा तांबूस वर्णही लोहाच्या ऑक्साइडांचाच आहे, आणि २००४ साली तेथे उतरलेल्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ यानाला हेमॅटाइटाच्या बारीक गोळ्या आढळल्या.

रंगद्रव्य व दागिने

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील तांबडा रंग गेरूचा आहे. कोकण-गोव्यातील मंदिरांच्या भिंतींवरील कावी कलेचे नावच काव या शब्दावरून पडले. तुळशीवृंदावन व कुंड्या गेरूने रंगविणे, रांगोळीसाठी अंगणात गेरूचा पट्टा ओढणे हे तर घरोघरचे उपयोग होत. सोन्याला झिलई देण्याची तांबडी पूड म्हणजेही लोहाचे हेच ऑक्साइड होय.

मेसोपोटेमियात हेमॅटाइटाच्या मुद्रा व वजने, तर प्राचीन इजिप्तमध्ये ताईत बनवीत. आज त्याचे मणी, अंगठ्या व पदके विकली जातात. बाजारातील ‘चुंबकीय हेमॅटाइट’ हा बहुधा कारखान्यात बनविलेला बेरियम-स्ट्रॉन्शियम फेराइट असतो. नैसर्गिक हेमॅटाइट फारच क्षीण चुंबकीय असते. म्हणून एकमेकांना घट्ट चिकटणारी मण्यांची माळ खाणीतून आलेली नाही, असे समजावे.

स्फटिकोपचार

हेमॅटाइट अंगावर धारण केल्याने रक्त वाढते, रक्तदाब सुधारतो व मन स्थिर होते, असे स्फटिकोपचार करणारे सांगतात. या दाव्यांना वैज्ञानिक पुरावा नाही. तांबडा कस आणि ‘रक्त’ हे नाव यांवरूनच ही समजूत रुजली असावी. शरीर लोह शोषून घेते ते मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात. त्वचेवरील मण्यातून ते रक्तात जात नाही. हेमॅटाइट पाण्यात विरघळत नसल्याने मणी बुडवून ठेवलेले पाणी पिण्यानेही लोह मिळत नाही.

ही बाब केवळ श्रद्धेची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. माती खाण्याची इच्छा होणे हे लोहाच्या कमतरतेचे एक लक्षण असते. अशा वेळी माती किंवा गेरू खाल्ल्याने ती कमतरता भरून येत नाही, उलट जंतांचा संसर्ग होऊ शकतो. आयुर्वेदात गैरिकाचा औषधी वापर सांगितला असला, तरी तो शोधन केलेल्या द्रव्याचा असतो. रंगाच्या दुकानातील गेरू ते नव्हे. रक्तक्षयाचे निदान हिमोग्लोबिनच्या तपासणीने होते. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत, विशेषतः गरोदर स्त्रिया व किशोरवयीन मुलींना, विनामूल्य दिल्या जातात.