मोटारीतील नाद आणि विद्युतेचा बंदोबस्त

चालत्या मोटारीत गाणे ऐकण्याची सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे अग्निभयाशी झालेला दीर्घ झगडा उभा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९३० च्या जूनमध्ये शिकागोचे कारखानदार पॉल गॅल्विन आपल्या मोटारीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीच्या रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनास गेले आणि गाडी बाहेर उभी करून येणाऱ्याजाणाऱ्यांस त्यांनी तो ऐकवला. मोटोरोला या नावाचा लौकिक तेथून सुरू झाला. याच गॅल्विन यांच्याविषयी अशीही हकीकत सांगतात की, कर्ज मिळावे म्हणून त्यांनी एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत संच बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या गाडीने पेट घेतला. हकीकत अक्षरशः खरी असो वा नसो, त्या काळच्या जोडणीतील धोका तीत यथार्थपणे उतरला आहे.

मोटारीची बॅटरी तेव्हा सहा व्होल्टची, आणि रेडिओच्या निर्वात नळ्यांना तर दोनशेच्या आसपास व्होल्टचा दाब हवा. म्हणून आरंभी गाडीच्या तळफळीखाली निराळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. पुढे व्हायब्रेटर आला. त्यातील पोलादाची पातळ पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरून प्रवाह तोडी व जोडी, त्या तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवी, आणि गाणे थांबले की तिची बारीक गुणगुण कानी येई. परंतु ठिणग्यांनी झिजलेली तिची टोके एकमेकांस चिकटली, म्हणजे प्रवाहाला धरबंध उरत नसे. आणि अशा वेळी बॅटरीकडून येणाऱ्या तारेतच, धातूच्या लहानशा कोषात बसवलेली काचेची फ्यूज-नळी स्वतः जळून गाडी वाचवी. या क्षुल्लक दिसणाऱ्या नळीचे उपकार मला फार मोठे वाटतात.

आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये रेडिओ बाळगण्यास परवाना लागे. कायद्याचा रोख संच बाळगण्यावर होता. तारेच्या सुरक्षिततेचा भार मिस्त्रीच्या सचोटीवरच राहिला.

१९५५ च्या सुमारास अमेरिकेत बारा व्होल्टची बॅटरी रूढ झाली, त्याच वर्षी क्रायस्लरच्या गाड्यांत फिल्कोचा संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आला आणि व्हायब्रेटरचा अंमल ओसरू लागला. धोका मात्र गेला नाही. पुढे स्वतंत्र ॲम्प्लिफायर डिकीत जाऊन बसला, आणि त्याच्यासाठी बॅटरीपासून थेट मागच्या टोकापर्यंत, पत्र्याच्या धारदार कडांजवळून, जाड तार न्यावी लागली. पाचशे वॅट शक्ती बारा व्होल्टवर खेचावयाची, तर चाळीस अँपिअरांहून अधिक प्रवाह लागतो. तार बारीक असेल तर ती तापते, आणि तिचे आवरण पत्र्याला घासून फाटले तर बॅटरी आपले सारे बळ त्या एका बिंदूत ओतते. डिकीत, ॲम्प्लिफायरपाशी बसवलेला फ्यूज येथे निरुपयोगी ठरतो, कारण बिघाड त्याच्या अलीकडे झालेला असतो. फ्यूज मुळात तारेच्या रक्षणासाठी आहे.

म्हणून ज्यांना आपल्या गाडीत असे यंत्र बसवून घ्यावयाचे असेल, त्यांनी काम सुरू होण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवून घ्यावी, पत्र्याच्या प्रत्येक छिद्रात रबराची कडी बसवून घ्यावी, अर्थिंगची जागा रंग खरवडून उघड्या धातूवर करवावी, आणि तारेच्या क्षमतेपलीकडे न जाणारा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसला आहे, याची स्वतःच्या डोळ्यांनी खातरजमा केल्यावाचून मिस्त्रीची मजुरी चुकती करू नये.