मधुमेहाची गोळी आणि कर्करोग : एका आशेचा इतिहास

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे जुने, स्वस्त आणि जगभर वापरले जाणारे औषध. त्याचे गुणदोष डॉक्टरांना अनेक दशकांपासून ठाऊक आहेत. अशी गोळी कर्करोगालाही आवर घालते, असे कोणी म्हटले तर आशा वाटणारच. घरात रुग्ण असेल तर 'मग घ्यायला काय हरकत आहे?' असा प्रश्नही लगेच पुढे येतो. या प्रश्नाचे उत्तर शोधायला वैज्ञानिकांना बरीच वर्षे लागली. ती वर्षे कशात गेली, हे पाहू या.

वनस्पतीपासून गोळीपर्यंत

'गालेगा ऑफिसिनालिस' ही कडधान्यांच्या कुळातली वनस्पती युरोपात लोकवैद्यकात वापरली जाई. तिच्यात ग्वानिडिन वर्गातील संयुगे असतात. ग्वानिडिनमुळे प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते, असे १९१८ साली वातानाबे यांनी दाखवले. १९२२ मध्ये डब्लिन येथे वर्नर आणि बेल यांनी याच वर्गातले मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार केले. परंतु त्याच सुमारास इन्शुलिनचा शोध लागला आणि मेटफॉर्मिन मागे पडले. पुढे पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी ते मधुमेही रुग्णांना देऊन पाहिले व १९५७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत मात्र त्याला १९९४ च्या डिसेंबरपर्यंत मान्यता मिळाली नव्हती. याचे एक कारण म्हणजे फेनफॉर्मिन हे त्याचे भावंड. त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक प्रमाणात साठते, म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते अनेक देशांत मागे घेतले गेले होते.

गंमत अशी, की कर्करोगाचा विचार प्रथम या भावंडाबाबतच झाला. लेनिनग्राडमधील व्लादिमिर दिलमान यांनी १९७० च्या दशकात फेनफॉर्मिनचे प्रयोग केले. त्यांच्या उंदरांमध्ये स्तनाच्या गाठींचे प्रमाण घटलेले दिसले.

आशेला आधार काय?

इन्शुलिन हे साखरेचे नियमन करते, तसेच पेशींना वाढीचा संदेशही देते. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते, त्यामुळे इन्शुलिनची गरजही घटते. दुसरा धागा पेशीच्या आतला. पेशीतील ऊर्जा कमी पडली की 'एएमपीके' नावाचे विकर जागे होते आणि वाढीची खर्चिक कामे थांबवते. मेटफॉर्मिनमुळे हे विकर जागे होते, असे २००१ मध्ये आढळले. २००३ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी आणखी एक कडी जोडली. एएमपीकेला चालना देणारे 'एलकेबी१' हे प्रथिन कर्करोगाला अटकाव करणारे म्हणून आधीच माहीत होते.

मग तेथल्याच संशोधकांनी टेसाइड भागातील मधुमेहींच्या नोंदी तपासल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेटफॉर्मिन घेतलेल्यांत कर्करोगाची शक्यता सुमारे एक-पंचमांशाने कमी दिसली. त्यानंतर अशा अभ्यासांची रीघ लागली. काहींमध्ये लाभ याहूनही मोठा दिसत होता.

काळाचा हिशेब

येथे एक कोडे विचारतो. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मानपत्र मिळालेले शिक्षक, ते न मिळालेल्या शिक्षकांपेक्षा सरासरीने दीर्घायुषी ठरतात. मानपत्राने आयुष्य वाढते काय? उत्तर उघड आहे. मानपत्र घेण्यासाठी मुळात तितकी वर्षे जगावे लागते! ज्यांचा आधीच मृत्यू झाला, ते आपोआप दुसऱ्या गटात मोजले जातात.

माँट्रियल येथील सुइसा आणि अझुले यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की मेटफॉर्मिनवरील अनेक अभ्यासांत काळाच्या हिशेबाची अशीच चूक शिरली होती. गोळी सुरू होण्यापूर्वी रुग्ण कर्करोगाविना जगला, तो काळही गोळीच्या खात्यावर जमा झाला होता. प्रयोगशाळेतही एक अडचण होतीच. काचपात्रातील पेशींवर वापरलेले औषधाचे प्रमाण, गोळी घेणाऱ्याच्या रक्तात आढळणाऱ्या प्रमाणाच्या बहुधा शेकडो पट होते.

शेवटी परीक्षा

अशा वेळी खात्रीचा मार्ग एकच. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचे व दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी औषधाविना गोळी. कॅनडातून चालवलेल्या अशा चाचणीत स्तनाच्या कर्करोगाचे ३,६४९ रुग्ण होते. त्यांपैकी कोणालाही मधुमेह नव्हता. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा ८५० मिलिग्रॅम, पाच वर्षांपर्यंत द्यायचे ठरले. निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या गाठींच्या मोठ्या गटात रोग उलटणे, नवा कर्करोग किंवा मृत्यू अशा घटना वर्षाला दर शंभर रुग्णांमागे औषध घेणाऱ्यांत २.७८ आणि न घेणाऱ्यांत २.७४ होत्या. म्हणजे फरक नाहीच. संप्रेरकांना प्रतिसाद न देणाऱ्या गाठींतही लाभ दिसला नाही. तीव्र दुष्परिणाम मात्र औषधाच्या गटात काहीसे अधिक होते. 'एचईआर२' प्रकारच्या गाठी असलेल्या एका लहान उपगटात लाभाची चिन्हे दिसली, पण ती स्वतंत्र चाचणीने पडताळावी लागतील. फुफ्फुसाच्या कर्करोगावरील २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांतूनही लाभ दिसला नव्हता.

तेव्हा मधुमेह नसलेल्या कर्करुग्णाने ही गोळी आपल्या मनाने सुरू करू नये आणि मधुमेह्याने ती आपल्या मनाने बंदही करू नये. मधुमेहावरील तिची उपयुक्तता या निकालांनी तसूभरही कमी झालेली नाही. विद्यार्थ्यांनी 'अमुक घेणाऱ्यांना तमुक रोग कमी होतो' अशी बातमी वर्गात आणली, तर त्यांना दोन प्रश्न विचारायला लावावेत : गट कोणी व कसे पाडले? आणि दिवस मोजायला सुरुवात कधीपासून केली?