दहा आणि चौदा : चीनमधून दत्तक आलेल्या मोठ्या मुलांची गोष्ट

आपल्या इतिहासाच्या सदरात आज जरा वेगळा विषय घेऊ या. तुमच्या मुलांच्या शाळेत, ऑफिसात किंवा शेजारी एखादी चिनी चेहऱ्याची आणि अमेरिकन आडनावाची मुलगी तुम्ही नक्की पाहिली असेल. आज ती वीस-पंचवीस वर्षांची असेल. बहुधा ती अगदी तान्ही असताना इथे आली. पण तिच्यासारखीच काही मुलं आठव्या, दहाव्या, अगदी तेराव्या वर्षी आली. त्यांना चालता-बोलता येत होतं, मैत्रिणी होत्या, आठवणी होत्या. आजची गोष्ट त्या मोठ्या मुलांची आणि त्यांना आणायला चीनला गेलेल्या आईवडिलांची.

'दत्तक' हा शब्द आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून भेटतो. १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावच्या गोपाळरावाला दत्तक घेतलं, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. कशाला आलास असं विचारल्यावर "राज्य करायला," असं तो म्हणाला, ही आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. पुढे तो सयाजीराव गायकवाड झाला. या गोष्टीत गादीला वारस हवा होता, म्हणून मूल शोधलं गेलं. जुन्या चीनमध्येही वंश चालवायला मुलगाच दत्तक घ्यायची रीत होती. विसाव्या शतकाच्या शेवटी तिथून जी मुलं परदेशी गेली, त्यांत मात्र मुलीच मुली होत्या. असं का झालं?

त्याचं मूळ एक-मूल धोरणात आहे. हे धोरण १९७९-८० च्या सुमारास आलं आणि २०१५ च्या अखेरपर्यंत टिकलं. पुष्कळ प्रांतांत खेड्यातल्या जोडप्याला पहिली मुलगी झाली तर दुसऱ्या अपत्याची सवलत असे. दुसरीही मुलगीच झाली तर पुढचा मार्ग बंद. नियम मोडला तर जबर दंड. म्हातारपणी सांभाळणार मुलगा, असा समज पक्का. मग दुसरी-तिसरी मुलगी बाजारात, पुलाजवळ, अनाथालयाच्या दारात ठेवली जाई. मूल टाकणं हा गुन्हा होता, म्हणून चिठ्ठीत नाव नसे. फार तर जन्माची तारीख असे.

चीनमध्ये मुली कोणालाच नको होत्या, असं आपण सहज म्हणून जातो. हॅम्पशायर कॉलेजच्या प्राध्यापिका के ॲन जॉन्सन यांनी वर्षानुवर्षं खेड्यांतल्या कुटुंबांशी बोलून यावर संशोधन केलं. त्यांनी स्वतः चीनमधून मुलगी दत्तक घेतली होती. त्यांना असं दिसलं, की अशा मुलींना आनंदाने घरात घेणारी चिनी कुटुंबं पुष्कळ होती, पण नियम त्यांच्या आड येत. १९९२ च्या १ एप्रिलला लागू झालेल्या दत्तक कायद्यात पालकाचं वय ३५ च्या वर आणि त्याला स्वतःचं मूल नसणं, अशा अटी होत्या. त्याच कायद्याने परदेशी पालकांना दार उघडलं. १९९९ मध्ये वयाची अट ३० वर आली, तोवर हजारो मुली विमानात बसल्या होत्या.

अमेरिकेपुरतं बोलायचं तर २००५ साल हा कळस होता. त्या एका वर्षात जवळपास ७,९०० मुलं इथे आली. आजवरची संख्या ८०,००० च्या वर जाते. सगळे देश धरले तर दीड लाखाहून अधिक.

त्या कायद्यातले दोन आकडे लक्षात ठेवा : दहा आणि चौदा.

मूल दहा वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची संमती घ्यावी लागे. आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की त्याला दत्तक देता येत नसे. म्हणजे दहा ते चौदा या वयातल्या मुलाला कायदा विचारत होता, "तुला जायचं आहे का?" आणि त्याच वेळी घड्याळही दाखवत होता. आयुष्यभर एकाच संस्थेत राहिलेल्या दहा वर्षांच्या मुलीला अमेरिका म्हणजे काय, हे काय ठाऊक असणार? तरी तिच्यासमोर कागद येई आणि ती त्यावर आपलं नाव लिही.

त्यात आणखी एक मेख होती. टाकून दिलेल्या मुलांची जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने लिहिलेली असे. मूल सापडलं त्या दिवशी त्याची उंची, वजन, दात पाहून कोणीतरी एक तारीख ठरवी. आडनावही संस्थाच देई. कुठे गावाचं नाव, कुठे 'दांग' म्हणजे पक्ष, कुठे 'ग्वो' म्हणजे देश. आता विचार करा, चौदावा वाढदिवस म्हणजे दार बंद होण्याचा दिवस, आणि तो दिवस कोणीतरी अंदाजाने लिहिलेला!

सुरुवातीला परदेशी पालक तान्ही बाळंच मागत. चीन सरकारने २००७ मध्ये पालकांसाठीचे नियम कडक केले : विवाहित जोडपं हवं, वय, तब्येत आणि उत्पन्न अमुक हवं. निरोगी बाळासाठी थांबण्याचा काळ वाढत वाढत काही वर्षांवर गेला. दरम्यान हृदयाचे दोष, दुभंगलेला ओठ किंवा हिपॅटायटिस बी असलेली मुलं, आणि ज्यांची अडचण केवळ वय हीच होती अशी मोठी मुलं वेगळ्या यादीत होती. पुढच्या काळात परदेशी जाणाऱ्यांत हीच मुलं अधिक झाली आणि त्यांत मुलगेही पुष्कळ होते.

आता प्रवासाकडे वळू. आधी इकडची तयारी : सोशल वर्कर घरी येऊन 'होम स्टडी' करणार, बोटांचे ठसे, पोलिसांचा दाखला, बँकेचे कागद. या सगळ्याची शिक्कामोर्तब केलेली चळत बीजिंगच्या सरकारी दत्तक केंद्राकडे जाई. व्हिसाच्या फायलींसोबत आयुष्य काढलेल्या आपल्या लोकांना याची कल्पना लगेच येईल. फाइल जुळली, प्रवासाची परवानगी आली, की साधारण दोन आठवड्यांची फेरी ठरे. सुरुवातीच्या वर्षांत अनाथालयाला द्यायची ३,००० डॉलरची देणगी पालक शंभराच्या कोऱ्या करकरीत नोटांत घेऊन जात.

आधी प्रांताच्या राजधानीत जायचं. तिथल्या नागरी कामकाज कार्यालयात मूल समोर येई. तान्हं बाळ रडतं, झोपतं, काही दिवसांनी कुशीत शिरतं. दहा वर्षांची मुलगी चालत येते, पाठीवर लहानशी पिशवी असते. पालकांनी आधी पाठवलेल्या फोटोंवरून तिला चेहरे ओळखू येतात. शिकवल्याप्रमाणे ती म्हणते, "मामा, बाबा." आपल्या कानांना गंमत वाटेल, पण चिनी भाषेत वडिलांना बाबाच म्हणतात, आणि मामा म्हणजे आई! त्या दोन शब्दांपुढे मात्र बोलणं थांबतं. एक दिवस एकमेकांसोबत काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सह्या. एवढ्यात कायद्याने ती त्यांची मुलगी होते.

तिच्या बाजूने पाहा. काही मुलं संस्थेत नव्हे, तर संस्थेने ठरवून दिलेल्या कुटुंबात वाढलेली असत. तिथे एक आई असे, भावंडं असत, जेवणाची एक चव असे. बाळाला हे पुढे आठवणार नाही. दहा वर्षांच्या मुलीला सगळं आठवतं. अमेरिकन पालकांच्या वर्तुळात या भेटीच्या दिवसाला 'गॉचा डे' म्हणत आणि दरवर्षी केक कापत. मोठी झाल्यावर अनेकांनी या नावाला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं : त्याच दिवशी आमचं कोणीतरी सुटलंही होतं.

मुलाचा पासपोर्ट हाती आला की सगळ्यांचा मुक्काम ग्वांगझूला. चीनमधून दत्तक घेतलेल्या मुलांचा अमेरिकन व्हिसा तिथल्याच वकिलातीत मिळे. कित्येक वर्षं ती वकिलात पर्ल नदीकाठच्या शामियान बेटावर होती आणि शेजारीच व्हाइट स्वान हॉटेल. हॉटेलात बाबागाड्यांची एवढी गर्दी, की खेळणी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने तिथे उतरणाऱ्या दत्तक कुटुंबांसाठी कडेवर चिनी बाळ घेतलेली खास बार्बी काढली. बार्बीच्या कडेवर बाळच होतं, हेही पाहण्यासारखं आहे. पालकांचा हात धरून, किंवा न धरता, चालणारी मोठी मुलं त्या चित्रात नव्हती.

मग वैद्यकीय तपासणी, व्हिसा आणि विमान. २००१ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या कायद्यामुळे, दत्तकविधी परदेशातच पूर्ण झालेलं मूल अमेरिकेत पाय ठेवताच नागरिक होऊ लागलं. ग्रीन कार्डासाठी दशकभर रांगेत उभं राहिलेल्यांना हेवा वाटेल. पण चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे ज्या देशाची भाषा ती बोलत होती तो देश कागदावर परका झाला.

भाषेचंही तसंच. 'वो आय नी मॉमी' हा २०१० चा माहितीपट मिळाला तर जरूर पाहा. आठ वर्षांची मुलगी ग्वांगझूहून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या कुटुंबात येते. इंग्रजी शिकते, रुळते, आणि हळूहळू आपली भाषा हरवते. आपण दर रविवारी मुलांना मराठी शाळेत नेतो, घरात मराठी बोलतो, तरी ती इंग्रजीतच उत्तर देतात. घरात एकही माणूस ती भाषा बोलत नसेल, तर आठ वर्षांची भाषा किती दिवस टिकणार?

या इतिहासाला काळी बाजूही आहे. हुनान प्रांतातल्या काही अनाथालयांनी दलालांकडून बाळं विकत घेतल्याचं २००५ मध्ये उघड झालं, आणि पुढच्या वर्षी काहींना तुरुंगवास झाला. २०११ मध्ये चिनी नियतकालिक 'कायशिन'ने त्याच प्रांतातल्या लाँगह्वेई तालुक्याची हकीकत छापली : कुटुंबनियोजन अधिकाऱ्यांनी घरांतून मुलं उचलून अनाथालयात दिली होती. फायलीत मात्र 'टाकून दिलेलं मूल' असंच लिहिलेलं. बरेच पालक हे वाचून हादरले. आज मोठी झालेली कित्येक मुलं डीएनए चाचणी करून जन्मदात्यांचा शोध घेतात, आणि काहींना ते सापडलेही आहेत.

शेवटचा टप्पा तर अगदी अलीकडचा. २०२० मध्ये कोविडमुळे हा प्रवास थांबला. फायली जुळल्या होत्या, मुलांनी फोटो पाहिले होते, कोणाकोणाच्या खोल्या रंगवून तयार होत्या. २०२१ मध्ये चीनची नवी नागरी संहिता लागू झाली. तिने चौदाची मर्यादा काढली, आता अठराच्या आतलं मूल दत्तक देता येतं. मुलाच्या संमतीचं वयही दहावरून आठवर आणलं. पण सीमा बंद होती. ५ सप्टेंबर २०२४ रोजी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी जाहीर केलं, की जवळचे रक्ताचे नातेवाईक आणि सावत्र मुलं सोडली तर चीन यापुढे मुलांना परदेशी दत्तक देणार नाही. परदेशी कुटुंबांचे त्यांनी आभार मानले. अमेरिकेतली शेकडो कुटुंबं मध्येच राहिली. चार वर्षांपूर्वी नऊ वर्षांची असलेली मुलगी आता तेराची झाली होती. "तुझे आईबाबा येणार आहेत," असं जिला सांगून ठेवलं होतं, तिला नंतर काय सांगितलं असेल?

चीनने आपली मुलं देशातच वाढवावीत, हे म्हणणं चूक नाही. जन्मदर घसरला, अनाथालयांतली संख्या घटली, देश श्रीमंत झाला. पण तिथे उरलेल्यांत आजारी आणि मोठी मुलंच जास्त आहेत, आणि देशातल्या पालकांनाही बहुधा निरोगी तान्हं बाळच हवं असतं. दार बंद झाल्याची झळ सगळ्यात जास्त त्यांनाच लागली.

मंडळी, अशी दत्तक आलेली कोणी तुमच्या ओळखीची असेल, तर "किती नशीबवान गं तू!" हे वाक्य तिने हजारदा ऐकलेलं असतं. मोठ्या वयात आलेलीला तिची मर्जी असेल तर विचारा, तिकडचं काय आठवतं, तिकडे काय खायचीस, तुला काय म्हणून हाक मारायचे. गाव सोडून आलेल्या आपल्यालाही हेच प्रश्न कोणी विचारले तर बरं वाटतं.

आज इतकंच. पुढच्या भागात भेटू. नमस्कार!